वाफेला वाट

कल्याणहून कर्जतच्या बाजूला लोकल निघाली की पहिलं स्टेशन लागतं विठ्ठलवाडी. कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सांध्यावरची ही वस्ती. दुसऱ्या महायुद्धात या पट्ट्यात लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या कुटुंबांची सोय झाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. त्या कुटुंबांबरोबर त्यांचं स्वयंपाकघरही आलं. म्हणून आज विठ्ठलवाडीत रविवारच्या नाश्त्याला पोहे असतात, तसं दाल-पकवानही असतं.

वॉफलच्या प्रकरणाची सुरुवात पकवानापासून करण्याला कारण आहे. मैदा, तेला-तुपाचं मोहन, जिरं, ओवा आणि मीठ घालून कणीक घट्ट मळायची, पातळ लाटायची आणि लाटलेल्या पारीवर काट्याने किंवा सुरीच्या टोकाने सगळीकडे टोचे मारायचे. मग मंद आचेवर सावकाश तळायचं. हे टोचे मारले नाहीत तर तीच पारी पुरीसारखी टम्म फुगते आणि थोड्या वेळाने मऊ पडते. फरक एवढाच, की पुरीत पिठातल्या पाण्याची वाफ आत कोंडली जाते आणि पकवानात तिला बाहेर पडायला वाट मिळते. कोंडलेली वाफ पदार्थ फुगवते, निघून गेलेली वाफ त्याला कुरकुरीत करते. वॉफलमध्ये ही दोन्ही कामं एकाच साच्यात, चार-पाच मिनिटांत, एकापाठोपाठ करून घ्यायची असतात. आधी वाफ पिठात कोंडायची आणि पीठ फुगून स्थिर झालं की तीच वाफ बाहेर जाऊ द्यायची. घरी वॉफल बिघडतो तेव्हा या दोहोंपैकी एक काहीतरी राहून गेलेलं असतं.

साच्यावरचे चौकोनी खळगे शोभेसाठी आहेत किंवा त्यात मध साठावा म्हणून आहेत, असं अनेकांना वाटतं. मध साठतो हे खरं, पण मुख्य काम वेगळंच आहे. हिशेब करून पाहा. दोन सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन घेतला तर त्याचा सपाट पृष्ठभाग 4 चौरस सेंटिमीटर. त्यात दीड सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल खळगा पाडला, तर त्याच्या चार भिंतींचे आणखी 6 चौरस सेंटिमीटर मिळतात. म्हणजे पिठाला टेकणारा तापलेला धातू अडीच पट झाला, आणि बाहेरून जाड दिसणाऱ्या वॉफलच्या आतला कुठलाही भाग त्या धातूपासून लांब उरला नाही. आतलं पाणी झटपट उकळतं आणि कडांवरून वाफ निसटते. जाड घावन तव्यावर टाकलं तर वरची बाजू शिजेपर्यंत खालची करपायला येते. ती अडचण या खळग्यांनी सोडवली.

ही युक्ती फार जुनी. युरोपात मध्ययुगापासून लांब दांड्यांच्या लोखंडी चिमट्यात पीठ दाबून तो चिमटा थेट विस्तवावर धरत असत. पीटर ब्रूगेल या चित्रकाराने 1559 मध्ये उत्सव आणि उपवास यांची लढाई रंगवली. त्या गर्दीच्या चित्रात विस्तवापाशी वॉफल भाजणारी बाई स्पष्ट दिसते. ख्रिस्ती उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधी अंडी, लोणी, दूध संपवून टाकण्याचे ते दिवस, म्हणून वॉफल हा त्या सणाचा पदार्थ. पुढे 24 ऑगस्ट 1869 रोजी अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टहाउटने चुलीवर ठेवून फिरवता येईल अशा बिजागरीच्या साच्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे गॅसवर सँडविच भाजायचा जो दोन पाळ्यांचा दांडीवाला टोस्टर घरोघर असतो, त्याची रचना याच जातीची आहे. गोव्यात नाताळला होणाऱ्या रोझ कुकीजही याच कुळातल्या. तिथे फुलाच्या आकाराचा साचा आधी उकळत्या तेलात तापवतात, मग पिठात बुडवतात. साचा थंड असेल तर पीठ त्याला धरत नाही आणि साच्याच्या वरच्या कडेवर पीठ गेलं तर फूल सुटत नाही.

आपल्याकडे वॉफल घराघरात पोहोचला तो मात्र बेल्जियमच्या नावाने, आणि तोही अमेरिकेला वळसा घालून. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मॉरिस व्हर्मर्श यांच्या कुटुंबाने स्ट्रॉबेरी आणि फेटलेल्या सायीबरोबर ब्रसेल्सच्या पद्धतीचे वॉफल विकले आणि ‘बेल्जियन वॉफल’ हे नाव जगभर झालं. खुद्द बेल्जियममध्ये मात्र एकच एक वॉफल नाही. ब्रसेल्सचा आयताकृती, हलका, यीस्टने फुगवलेल्या पातळ पिठाचा. लिएजचा कडा वेड्यावाकड्या असलेला, घट्ट कणकेचा, आत साखरेचे जाड खडे पेरलेला. साच्यात ते खडे वितळून त्यावर खरपूस पाकाचा लेप चढतो. मुंबईत 2015 मध्ये द बेल्जियन वॉफल कंपनी सुरू झाली, काडीवर धरून खायचा चॉकलेटने माखलेला वॉफल लोकप्रिय झाला आणि पाठोपाठ ठाणे-कल्याण पट्ट्यातही वॉफलची दुकानं दिसू लागली. ते वॉफल बिनअंड्याचे असणं हे इथल्या पसंतीचं मोठं कारण आहे, असं मला वाटतं. मराठी, गुजराती, सिंधी, जैन अशी घरं एकाच जिन्यावर असतील तिथे एका ताटातून सगळ्यांना देता येईल असा गोड पदार्थ चालतो.

तेव्हा बिनअंड्याच्या वॉफलचाच विचार नीट करू. अंड्याचं काम काय असतं? पांढरा बलक फेटला की हवेचे असंख्य बुडबुडे धरून ठेवतो आणि तापल्यावर घट्ट होऊन त्यांच्या भिंती पक्क्या करतो. पिवळा बलक तेल आणि पाणी यांना एकत्र बांधतो. अंडं काढलं की ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतात. बुडबुडे निर्माण करण्याचं काम सोडा आणि बेकिंग पावडर करतात. त्यांना धरून ठेवण्याचं काम दह्यातली प्रथिनं, मैद्यातलं थोडं ग्लुटेन आणि 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगणारा पिठातला स्टार्च मिळून करतात. अजून आधार हवा असेल तर मोठा चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवावी. तिचा जो बुळबुळीत चिकटा सुटतो तो तेल-पाणी बांधून ठेवायला छान उपयोगी पडतो. जवसाची चटणी करणाऱ्या घरात हा डबा असतोच.

बेकिंग पावडरचा जन्मही अंडी न चालणाऱ्या एका घरातलाच. बर्मिंगहॅमचे औषध विक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नसे. तिच्यासाठी त्यांनी आधी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि 1843 मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर. पुढे हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 मध्ये फॉस्फेटच्या आम्लाची जोड देऊन ती अधिक भरवशाची केली. आज बाजारच्या वॉफल प्रीमिक्सच्या पुड्यावर 500(ii), 341(i) किंवा 450(i) असे आकडे बारीक अक्षरात छापलेले असतात. पहिला आकडा म्हणजे आपला खायचा सोडा, पुढचे दोन फॉस्फेटची आम्लं. बाकी पुड्यात मैदा, साखर, दुधाची पावडर. यातलं काहीही घरात नाही असं नसतं, म्हणून प्रीमिक्सवर पैसे घालवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ढोकळ्याच्या सवयीने वॉफलच्या पिठातही हात फ्रूट सॉल्टकडे जातो. फ्रूट सॉल्टमध्ये सोडा आणि लिंबाचं आम्ल दोन्ही असतात आणि पाणी लागताच त्यांचा बहुतेक सगळा वायू एकदम सुटतो. ढोकळ्याला ते ठीक. पीठ फसफसलं की सगळंच्या सगळं एकाच ताटात ओतून वाफेवर ठेवतो. वॉफलचं पीठ मात्र वाट पाहतं. साचा एक, वॉफल चार-पाच, प्रत्येकाला पाच मिनिटं. तिसऱ्या वॉफलपर्यंत फ्रूट सॉल्टचा वायू उडून गेलेला असतो आणि शेवटचा वॉफल चामट होतो. बेकिंग पावडरमधल्या आम्लाचा एक भाग गार पिठात काम करतो आणि उरलेला उष्णता लागल्यावर, त्यामुळे शेवटच्या वॉफलसाठीही काहीतरी शिल्लक राहतं. ढोकळा आणि वॉफल दोन्ही एकाच वायूने फुगतात, पण ढोकळ्यात ओल आतच राहायला हवी असते, म्हणून तो उकडतो. वॉफल भाजतो तो ओल घालवण्यासाठी.

आता प्रमाण. घरोघरची वाटी वेगळी, म्हणून वजनात देतो. 120 ग्रॅम मैदा, 30 ग्रॅम तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर, 25 ग्रॅम साखर, चहाचा दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, पाव चमचा मीठ हे सगळं कोरडंच एकत्र चाळावं. दुसऱ्या भांड्यात 120 ग्रॅम आंबटसर दही आणि तेवढंच पाणी घुसळून ताक करावं आणि त्यात 60 ग्रॅम वितळवलेलं लोणी किंवा तेल घालावं. कोरडं ओल्यात घालून डावाने दहा-बाराच वेळा वरखाली करावं. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात, कारण पीठ जितकं घोटाल तितकं ग्लुटेन ताणलं जातं, आणि चपातीला हवा असलेला तो चिवटपणा वॉफलला मारक. दहा मिनिटं झाकून ठेवलं की गुठळ्या आपोआप भिजतात. पीठ आंबोळीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट असावं, डावातून सलग पडावं पण लगेच पसरू नये. अंडं चालत असेल तर ताक 200 मिलिलिटरवर आणावं, पिवळा बलक ताकात घालावा आणि पांढरा बलक वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळावा.

तांदळाची पिठी का, हे भजी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे तिचा पापुद्रा चिवट न होता तडकतो. लोणी-तेलाचं प्रमाण पाहून दचकू नये. ते मोहनच आहे, पिठाच्या कणांना वेढून त्यांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही. चकलीत मोहन कमी पडलं तर ती दगड होते, वॉफलमध्ये कमी पडलं तर तो चामट होतो आणि साच्याला चिकटतोही. साखर मात्र गोडीपुरतीच घालत नाहीत. ती पिठाला रंग देते आणि भाजलेला पापुद्रा थंड होताना काचेसारखी घट्ट होऊन त्याला कडक ठेवते. तिच्या जागी गूळ घातला तर चव सुरेख येते, पण गुळातली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतात आणि वॉफल लवकर सादळतो. म्हणून गूळ पिठात न घालता वरून काकवीच्या रूपात घ्यावा. सोड्याचं मापही मोडू नये. ताकातल्या आम्लाला पुरेल त्याहून जास्त सोडा झाला तर साबणासारखी चव लागते आणि वॉफल आत कच्चा असतानाच बाहेरून काळसर दिसतो. रंगाने फसवणारी दुसरी वस्तू म्हणजे कंडेन्स्ड मिल्क. बिनअंड्याच्या पाककृतींत ते बऱ्याचदा असतं. त्यातल्या साखरेमुळे आणि दुधाच्या प्रथिनांमुळे वॉफल झटकन तपकिरी होतो आणि वाफ निघण्याआधीच आपण साचा उघडतो.

साचा विजेचा असो की गॅसवरचा, तो आधी पुरता तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडून जावा. घरगुती विजेचे साचे साधारण 1000 वॅटचे असतात. 230 व्होल्टला ते साडेचार अँपिअरच्या आसपास वीज घेतात, म्हणजे 6 अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो. पण त्याच एक्स्टेन्शनवर इंडक्शन किंवा इस्त्री लावू नये, जुन्या चाळीच्या वायरिंगवर तर नाहीच. पाव तास चालला तरी पाव युनिटच वीज जाते. गॅसवरचा साचा मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं तापवावा, आतून ब्रशने तेल फिरवावं, पीठ ओतून लगेच मिटावा आणि अर्ध्या मिनिटात उलटावा, म्हणजे पीठ दोन्ही पाळ्यांच्या खळग्यांत बसतं. नंतर दर मिनिटाला उलटत राहावं. नॉनस्टिक लेप असेल तर रिकामा साचा मोठ्या आचेवर विसरू नये, कारण 260 अंशांच्या पुढे तो लेप विघटित होऊ लागतो.

साचा मिटल्यावर जे घडतं ते या प्रकरणाचं मर्म आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाण्याची 100 अंशांना जवळपास 1.7 लिटर वाफ होते. दहा ग्रॅम पाणी गेलं तर 17 लिटर वाफ त्या चिमुकल्या साच्याच्या फटींतून बाहेर पडते. म्हणून सुरुवातीला कडांवरून वाफेचे झोत निघतात. त्या वेळी झाकण उचललं तर वॉफल मधोमध फाटतो, अर्धा वर अर्धा खाली चिकटतो, कारण आतली जाळी अजून थिजलेली नसते. थोड्या वेळाने झोत मंदावतो. पृष्ठभाग कोरडा झाला, आता त्याचं तापमान 140 अंशांच्या पुढे चढतं आणि अमिनो आम्लं आणि शर्करा यांची ती प्रक्रिया सुरू होते, जिचं वर्णन फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, कांद्याचा खरपूसपणा, सगळ्यांचा वास याच प्रक्रियेतून येतो. वाफ जवळजवळ थांबली आणि खमंग वास सुटला की साचा आपसूक सुटा होतो. विजेच्या साच्यावरचा हिरवा दिवा याआधीच लागलेला असतो. तो साच्याचं तापमान सांगतो, पिठातल्या पाण्याबद्दल त्याला काही कळत नाही. दिव्यानंतरही कडांकडे पाहावं आणि हवं तर मिनिटभर आणखी ठेवावं.

एवढं करून वॉफल ताटात ठेवला की दोन मिनिटांत मऊ! त्याचं कारणही वाफच. आतला मऊ भाग अजून ओला असतो, त्याची वाफ बाहेर येत राहते आणि ताटावर टेकलेल्या बाजूने तिला वाट न मिळाल्यामुळे पापुद्र्यात मुरते. वॉफल एकावर एक रचले तर सगळेच सादळतात. त्यांना तारेच्या जाळीवर सुटं ठेवावं. विठ्ठलवाडीत जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेतही इतकी ओल असते की चकलीचा डबा दहा मिनिटं उघडा राहिला तरी फरक कळतो. पावसाळ्यात म्हणून एकेक करून, साच्यातून काढला की लगेच खावा. करणाऱ्याने शेवटी बसायचं ही पद्धत इथे सोडून द्यावी. साचा टेबलावर आणावा आणि सगळ्यांनी आळीपाळीने करावेत.

सोडा-पावडर कशालाच हात लावायचा नसेल तर इडलीचं पीठ आहे. उडदातला डिंकासारखा चिकटा आणि प्रथिनं आंबवणीतून सुटलेला वायू धरून ठेवतात. आंबवण्याचं काम ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू करतात आणि आपल्याकडच्या 28-30 अंशांच्या रात्रीत आठ-दहा तासांत ते पुरं होतं. असं फुगलेलं दोन वाट्या पीठ, त्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर. मैदा नाही, साखर नाही. रंग फिका येतो, पण तांदळामुळे पापुद्रा असा कुरकुरीत होतो की चटणीच्या वाटीत बुडवल्यावरही टिकतो. मला स्वतःला हा वॉफल गोड वॉफलपेक्षा जास्त आवडतो आणि पाहुण्यांसमोर मी हाच आधी ठेवतो.

गोड वॉफलवर काय घालायचं, तर चॉकलेटच्या बाटलीआधी आजूबाजूला पाहावं. लोणी आणि काकवी ही जोडी फार जुळते. मे महिन्यात घट्ट आमरस, थंडीत केशराचं श्रीखंड. जूनच्या सुरुवातीला विठ्ठलवाडीहून तिसऱ्या स्टेशनावरच्या बदलापूरची जांभळं बाजारात येतात. बिया काढून थोड्या साखरेत ती दहा मिनिटं शिजवली की गडद जांभळा तुरट-गोड रस होतो. तो वॉफल खाताना ओतावा, आधी ओतून ठेवू नये.

उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं, फक्त सकाळी चिमूटभर बेकिंग पावडर नव्याने मिसळावी. उरलेले वॉफल पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवले तर तीन-चार आठवडे टिकतात. खाताना मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत, तिथे ते वाफाळून रबरासारखे होतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं.